पिंपे भरलेली परत येत होती

रेशनच्या दुकानासमोर कुणाच्या हातात निळ्या रॉकेलचा कॅन दिसला, की अजूनही माझे पाय थबकतात. निवृत्त होऊन काही वर्षे झाली. मुलगी इथेच नोकरीला असल्याने कोलकात्यातच राहतो, सकाळी बालीगंजच्या बाजारात भाजीवाल्यांशी हुज्जत घालतो, दुपारी पेपर वाचतो. नोकरीतल्या बाकीच्या केसेस आठवायच्या म्हटल्या तर आठवतात. ही आठवावी लागत नाही.

पुढचे नीट समजावे म्हणून माझ्याविषयी थोडे सांगतो. मी शिपाई म्हणून भरती झालो. त्याआधी साताऱ्याकडे हायवेवरच्या एका दुकानात ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करत होतो. माझ्यावरचे साहेब लोक एक परीक्षा देऊन थेट खुर्चीवर बसलेले; मी खात्याच्या परीक्षा देत एकेक पायरी चढत केंद्राच्या एका तपास यंत्रणेत डीवायएसपी झालो आणि कोलकात्याला बदलून आलो. ऑफिस सॉल्ट लेकमध्ये. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो, हे माझ्या प्रत्येक गोपनीय अहवालात लिहिलेले आहे. घासाघीस चांगली करतो, हे मात्र कुणी लिहिले नाही. माझ्या बहुतेक केसेस तिच्याच जोरावर उलगडल्या. आरोपी बोलतो तो माराने नव्हे. त्याला काय हवे आहे ते ओळखायचे आणि ते त्याला सहज मिळू द्यायचे नाही.

माझ्या हाताखाली एक बंगाली इन्स्पेक्टर होते, बागबाजारचे राहणारे. मला ते तोंडावर ‘बर्गी साहेब’ म्हणत; बर्गी म्हणजे मराठ्यांचे लुटारू घोडेस्वार. मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगाली माणूस विसरलेला नाही. इथे लहान मुलांना आमच्या नावाने झोपवतात. इन्स्पेक्टर म्हणत, तुम्हाला अडवायला आमच्या पूर्वजांनी आमच्याच मोहल्ल्यापासून खंदक खणला होता, कॉर्पोरेशनने तो बुजवला आणि तुम्ही आत आलात. माणूस सरळ होता. बोलणे तिरके, काम चोख.

आमच्या फ्लॅटवर एक बाई स्वयंपाकाला यायच्या. दक्षिणेकडच्या एका बस्तीतून लोकलने बालीगंजला उतरून चालत येत. माझ्या बायकोने त्यांना थालीपीठ शिकवले होते, त्यांनी तिला मोहरीच्या वाटणातली मासळी. एक दिवस त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आल्या तेव्हा कपाळ मोकळे होते.

त्यांचा नवरा शहराबाहेरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. कालव्याकाठच्या रस्त्यावर सकाळी एक बेवारस मॅटाडोर सापडली. मागे ताडपत्रीखाली निळ्या रॉकेलची पिंपे आणि पिंपांच्या मध्ये याचे प्रेत. ड्रायव्हर पळालेला. स्थानिक ठाण्याने हिशेब सोपा केला: निळे रॉकेल म्हणजे रेशनचे, रेशनचे पिंपाने चालले आहे म्हणजे काळाबाजार, आणि हा माल चोरून नेताना ताडपत्रीखाली गुदमरून मेला. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा नोंदला, त्यात मेलेला माणूस आरोपी क्रमांक एक.

बाई दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “दादाबाबू, ओ चोर नहीं था.”

हे वाक्य मी प्रत्येक चोराच्या बायकोच्या तोंडून ऐकले आहे. चौकशी होईल, असे सांगून मी बूट घालायला लागलो. तेव्हा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या की मला पैसा नको, नोकरी नको, नळावर पाणी भरायला गेले की मागून ‘तेलचोराची बायको’ ऐकू येते, एवढे फक्त बंद व्हायला हवे. दादाबाबू पोलीस आहेत, एवढे तर करतील.

मी हललो तो यामुळे नाही, हे खरे सांगतो. मी हललो ते कारखान्याचे नाव ऐकून. तो कारखाना केंद्राच्या एका उपक्रमाचा होता. जुन्या बॅटऱ्या आणि भंगार आम्लात विरघळवून त्यातून कोबाल्ट आणि निकेल वेगळे काढतात. कोबाल्ट आपल्याकडे जवळपास सगळा बाहेरून येतो, त्यामुळे त्या धातूला मोठी किंमत. साखर कारखान्यात उसाचा उतारा पाहतात, तसा तिथे भंगाराचा उतारा पाहतात. तो उतारा उतरत चालला होता, म्हणून त्या उपक्रमाच्या दक्षता विभागाची एक फाइल माझ्या टेबलावर पडून होती. त्याच कारखान्याचा कामगार रॉकेलच्या पिंपांत मरून पडतो, हे मला पटेना.

इन्स्पेक्टरांना घेऊन ठाण्यात गेलो. तिथल्या मोठ्या बाबूंनी, म्हणजे ठाणेदारांनी, चहा पाजला आणि मुद्देमाल दाखवला. पिंपे होती, प्रेतावरचे कपडे होते. पॅन्ट मी टेबलावर पसरली. गुडघ्याखाली दोन्ही पायांवर बारीक बारीक भोके, कडा जळलेल्या नाहीत, कापड नुसते भुसभुशीत झालेले. बोटाने दाबले की पावडर. बॅटरीच्या दुकानात माझ्या सगळ्या पॅन्टींची हीच अवस्था असायची. हे आम्लाचे शिंतोडे. रॉकेल चोरणाऱ्याच्या कपड्यांना वास असतो, भोके नसतात. मी विचारले, चप्पल कुठे आहे? चप्पल नव्हती. पाय अनवाणी. बाबू म्हणाले, गरीब माणूस, नसेल घातली. मला राग आला. मी म्हटले, कारखान्यात आम्लावर काम करणारा माणूस अनवाणी फिरत नसतो. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि दुसरा चहा मागवला नाही. पिंपातल्या तेलाचे नमुने मात्र रीतसर पंचांसमोर सीलबंद करून दिले. एक प्रयोगशाळेला, एक माझ्याकडे.

मग कारखाना. तिथले चीफ केमिस्ट आमच्या ओळखीचे, नाशिककडचे. कोलकात्यात मराठी माणसे मोजकीच, त्यात बदलीवर आलेले सरकारी लोक अधिक. मंडळाच्या गणपतीत सगळे एकमेकांना भेटतात. आरती यांच्याशिवाय सुरू होत नसे, इतका खणखणीत आवाज. त्यांची बायको आणि माझी बायको डबे बदलायच्या. त्यांनी मला केबिनमध्ये बसवले, मृत कामगाराबद्दल हळहळ व्यक्त केली, कंत्राटी माणसे कशी बेभरवशाची असतात ते सांगितले. उताऱ्याची फाइल निघाली तेव्हा त्यांनी कागद घेऊन सगळी पद्धत समजावली. समजावण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

आम्लात विरघळलेल्या धातूंचे पाणी एका पेटीत घ्यायचे. त्यात रॉकेलसारखे तेल घालायचे, तेलात एक परदेशी द्रावक मिसळलेले. पंख्याने घुसळायचे. मग दुसऱ्या खणात शांत ठेवायचे, तेल वर आणि पाणी खाली. आम्ल सौम्य असेल तर कोबाल्ट पाणी सोडून तेलात जातो, निकेल खाली राहतो. मग ते कोबाल्ट भरलेले तेल कडक आम्लाबरोबर पुन्हा घुसळायचे. कोबाल्ट तेल सोडून आम्लात उतरतो. तेल रिकामे होऊन पुन्हा पहिल्या पेटीत. तेच तेल वर्षानुवर्षे फिरत राहते.

मला हे आवडले. मी म्हटले, म्हणजे घासाघीसच की. जिकडे जोर जास्त तिकडे माल. ते हसले. “साहेब, तुम्ही आमच्यात यायला हवं होतं.”

शेडमध्ये नेले. पेट्यांवर झाकणे होती, वाफ बाहेर येऊ नये म्हणून. मधल्या थरात जमणारा चिकट गाळ काढून बाजूला ठेवला होता, तेवढा दाखवला. त्याचे काय करता, विचारले, तर म्हणाले, काही नाही, तो ना तेलात जात ना पाण्यात, फेकून देतो. तेलाचा रंग कसा असतो, हेही सहज विचारले. “तेलाला काय रंग असणार, पाण्यासारखं,” एवढे बोलून ते पुढे चालू लागले.

केस खरी फुटली ती नाक्यावर. त्या मॅटाडोरच्या वाटेवर एक पोलीस नाका होता. इन्स्पेक्टर तिथे जाऊन बसले, चहाबरोबर मुडी, म्हणजे आपले मुरमुरे, खाल्ली, सासरच्या गप्पा मारल्या आणि शिपायाच्या पोटातले काढून आणले. ती गाडी नेहमीची. निळे रॉकेल दिसले की शिपाई समजायचा ते समजायचा, ड्रायव्हर द्यायचा ते द्यायचा. इन्स्पेक्टर मला हे सांगून हसत म्हणाले, तुमचा चोर प्रामाणिक आहे साहेब, येताना-जाताना दोन्ही वेळा देत होता.

मी विचारले, येताना कशाचे? गाडी रिकामी असणार.

नाही, म्हणे. येताना पिंपे भरलेलीच. पण पांढरे तेल.

मी खुर्चीवरून उठलो. आयुष्यभर बाजार केलेल्या माणसाला हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. चोरीचा माल विकायला गेलेली गाडी रिकामी परत येते. जो निळे रॉकेल विकून त्याच पिंपांतून पांढरे भरून परत आणतो, तो रॉकेल विकतच नाही. तो तेलातून दुसरे काहीतरी उतरवून ठेवतो आणि तेल परत करतो. ही वाटाघाट मला कुणीतरी कागदावर काढून दाखवली होती. आणि त्याने सगळे सांगितले होते, फक्त कोबाल्ट भरलेल्या तेलाचा रंग सांगितला नव्हता.

इन्स्पेक्टरांना खाली गॅरेजमध्ये पाठवून बॅटरीचे आम्ल मागवले. ऑफिसच्या पॅन्ट्रीत काचेच्या बरणीत माझ्याकडच्या नमुन्यातले थोडे निळे तेल ओतले, त्यावर आम्ल, झाकण लावून घुसळले आणि सिंकशेजारी ठेवून दिले. आम्ही दोघे बघत उभे. हळूहळू थर बसले. वर पाण्यासारखे स्वच्छ तेल. खाली गुलाबी, रूह अफजासारखे. इन्स्पेक्टर म्हणाले, रेशनच्या रॉकेलाला हे जमत नाही. मी दुसऱ्या बरणीत खरेच रेशनचे रॉकेल घालून तेच केले. वरचे तेल निळेच राहिले, खालच्या आम्लात तो गुलाबी रंग आला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला, पण माझ्यापुरती केस त्या सिंकशेजारी उभी राहिली.

चाल किती हुशारीची होती बघा. कोबाल्ट भरलेले तेल निळे, रेशनचे रॉकेलही निळे. रस्त्यात कुणी अडवले तर तो लहान चोरी पकडल्याच्या आनंदात मोठी चोरी सोडून देणार. खराब झालेले द्रावक म्हणून पिंपे गेटबाहेर जात, आणि शुद्ध करून आले म्हणून आत येत. गेटवर सगळे कायदेशीर.

ड्रायव्हर बहिणीच्या घरी सापडला. त्याच्याबाबतीत मी माझी नेहमीची पद्धत वापरली, जिला आता मी त्या पेट्यांचीच पद्धत म्हणतो. आधी भरपूर घुसळायचे. मी आवाज चढवला, टेबल हलवले, खुनाचा आरोप त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला. मग उठून निघून गेलो आणि त्याला एकटे बसू दिले. माणूस शांत बसला की त्याच्यातले त्याचे आणि दुसऱ्याचे आपोआप वेगळे होते. इन्स्पेक्टर आत गेले तेव्हा तो रडत होता. तो फक्त गाडी चालवायचा. बायपासच्या पलीकडे एक शेड आहे, तिथे पिंपे उतरतात. बाकी केमिस्टबाबू जाणे.

केमिस्टना मी स्वतः बोलावले, ऑफिसच्या वेळेत, चहा देऊन. आमचे सगळे बोलणे मराठीत. त्या मजल्यावर आमच्या दोघांखेरीज मराठी कुणालाच कळत नव्हते. इन्स्पेक्टर कोपऱ्यात नुसते चेहरे वाचत बसले होते. केमिस्ट अतिशय शांत. गणपतीची वर्गणी, माझ्या मुलीची नोकरी, सगळे विचारून झाले. मी बरणी टेबलावर ठेवली. वर तेल, खाली गुलाबी.

त्यांनी ती उचलली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “आम्ल फार घातलंय तुम्ही. एवढं लागत नाही, निम्म्यात सुटतं.”

बोलल्यावर त्यांच्या लक्षात आले. त्यांनी बरणी खाली ठेवली.

आयुष्यभर ज्याने दुसऱ्याची कृती दुरुस्त केली, त्याला चुकीचे प्रमाण बघून गप्प बसणे जमले नाही. मी म्हटले, “मग बरोबर प्रमाण सांगा. तुमच्या शेडमध्ये किती घालता?”

तिथून पुढे बाजार सुरू झाला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण त्याने दाखवलेल्या जागी मुद्देमाल सापडला तर तेवढे चालते. म्हणून मला कबुली नको होती, शेड हवी होती. ड्रायव्हरने रस्ता सांगितला होता, पण केमिस्टचा त्या जागेशी संबंध केमिस्टनेच दाखवायला हवा होता. आणि त्यांना काय हवे आहे ते लवकरच कळले. शेडचा भाडेकरार त्यांच्या बायकोच्या नावावर होता.

“तिला काही माहीत नाही, साहेब. मी म्हटलं सही कर, तिने केली. तुमच्या घरी येऊन बसलेली बाई आहे ती.”

मी सांगितले की आज या घडीला त्या आरोपी आहेत. साक्षीदार करायचे की आरोपी, हे तपास अधिकारी ठरवतो, आणि तपास अधिकारी तुमच्यासमोर बसलाय. त्यांनी अर्धे द्यायची तयारी दाखवली: पिंपांचे सांगतो, माणसाचे नको. मी फाइल बंद करून उठलो. बाजारात पाठ फिरवता आली नाही तर भाव मिळत नाही. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून हाक आली.

एक गोष्ट मला अजून समजून घ्यायची होती. मी विचारले, तेल परत का आणत होता? कोबाल्ट काढून घेऊन तेल नाल्यात ओतले असते तर आम्हाला काही मागमूस लागला नसता.

ते जवळजवळ दुखावले. “चांगलं द्रावक आहे, साहेब. बाहेरून येतं. फेकवत नाही हो.”

मग माणसाचे. शेडमध्ये प्लास्टिकच्या टाक्यांत हाताने ढवळून काम चालायचे. खालचे आम्ल काढले की मधला चिकट गाळ टाकीच्या तळाशी बसे. तो काढायला कुणाला तरी आत उतरावे लागे. कंत्राटी कामगारांतून यालाच नेत, कारण हा जास्त बोलत नसे. काम शिफ्टचेच आहे, असे त्याला सांगितलेले. त्या दिवशी तो उतरला, आतल्या वाफेने गुंगला आणि वर आला नाही. ड्रायव्हरने दोरीने ओढून बाहेर काढले.

मी विचारले, “श्वास चालू होता?”

“होता. मी नाकाखाली बोट धरून बघितलं.”

“हॉस्पिटल किती लांब होतं?”

“जवळच. ड्रायव्हर म्हणत होता नेऊ या म्हणून.”

“मग?”

“तिथे विचारतात ना, कुठून आणलं.”

इन्स्पेक्टरांना भाषा कळत नव्हती, पण माझ्याकडे बघून ते उठून टेबलाजवळ येऊन उभे राहिले. त्यांनी बरे केले. मी हात मागे बांधले आणि पहिल्यांदा त्या माणसाला ‘तू’ म्हणालो. म्हटले, “तू त्याला तेलचोर दिसावा म्हणून पिंपांमध्ये ठेवलंस. जिवंत.”

त्याने बरणीचे झाकण घट्ट केले.

शेडवर पंच नेले. केमिस्टने कुलूप दाखवले, किल्ली कुठे असते ते दाखवले. आत टाक्या, आम्लाचे कॅन, तळाशी सुकलेला गुलाबी खडा. दाराबाहेर विटेवर रबरी चपलांचा एक जोड व्यवस्थित ठेवलेला. आत जाताना तो पॅन्ट वरून सोडून गमबूट घालायचा आणि चपला बाहेर सोडायचा; गमबूट या लोकांनी नंतर काढून घेतले, चपला विसरल्या. एका पट्ट्याला तांबड्या दोऱ्याने टाका घातलेला होता. ओळख पटवायला बोलावलेल्या बाईंनी तो टाका बोटाने चाचपला आणि हा मी घातलाय, एवढेच म्हणाल्या. पंचनाम्यात ते लिहून घेतले.

इथवर केस माझी होती. आता पुढचे ऐका.

माझे वरिष्ठ साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. इंग्रजी उत्तम, आवाज कधी चढत नाही. त्यांनी मला बोलावून फार कौतुक केले आणि मग समजावले. कोबाल्टची चोरी आपली, त्यात आरोपपत्र दणदणीत जाईल. पण मृत्यू हा स्थानिक पोलिसांचा विषय. तो खून म्हणून आपण पुढे रेटला, तर नाक्यावर काय चालत होते ते बाहेर येईल, राज्याचे पोलीस आणि आपण अशी जुंपेल, आणि त्या धुरळ्यात चोरीची केसही पडेल. ठाण्याला तो निष्काळजीपणाचा अपघात म्हणून दाखवू द्या.

मी टेबलावर हात आपटला. त्यांच्या पेनस्टँडमधली पेने पडली. मी म्हटले, त्याचा श्वास चालू होता. ते म्हणाले, हे कोर्टात कोण सांगणार? केमिस्ट सांगणार नाही, आणि ड्रायव्हर स्वतः आरोपी आहे. पोस्टमॉर्टेममध्ये गुदमरून मृत्यू एवढेच आहे. कुठे आणि केव्हा ते नाही. मग ते थांबले आणि म्हणाले, तुम्हाला त्या बाईसाठी काय हवे आहे?

मला काय हवे आहे ते त्यांनीही ओळखले होते. खात्यात वर चढलेला माणूस मूर्ख नसतो.

मी दोन्ही मागितले: रॉकेलच्या गुन्ह्यातून त्याचे नाव पूर्ण काढायचे, आणि मृत्यू आरोपपत्रात घ्यायचा. ते एकावरच आले. मी रजा टाकीन म्हणालो, दिल्लीला लिहीन म्हणालो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी ठरले ते असे: ठाणे कोर्टात अहवाल देईल की रॉकेलचा गुन्हा घडलाच नव्हता आणि मृत इसम निर्दोष आहे, आणि तो अहवाल मंजूर झाल्यावरच मी आमच्या आरोपपत्रावर सही करीन. आधी नाही. ड्रायव्हरने नंतर दिलेला श्वासाबद्दलचा जबाब आरोपपत्राला जोडला जाईल, हे मी आणखी काढून घेतले. त्यापलीकडे ते सरकले नाहीत.

ठरल्याप्रमाणे सगळे झाले. केसबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले, ते साहेबांना. माझ्या शेवटच्या गोपनीय अहवालात ‘वरिष्ठांशी वर्तन असमाधानकारक’ असा शेरा आहे. मी त्याची प्रत जपून ठेवली आहे. केमिस्ट जामिनावर सुटला आणि खटला अजून चालू आहे. त्याच्या बायकोला मी साक्षीदार केले, शब्द पाळला. त्याच वहिनींनी मंडळात सांगितले की मी आपल्या माणसाला परक्या शहरात अडकवले. तेव्हापासून गणपतीला आम्हाला बोलावणे नाही. माझी बायको अजून मोदक करते आणि आम्ही तिघे घरी खातो. ज्यांना आपला माणूस कोण हे आडनावावरून कळते, त्यांच्या आरतीला उभे राहायची मलाही हौस नाही.

कोर्टाचा आदेश आला त्या दिवशी मी तो स्वतः बाईंना वाचून दाखवला. माझ्या मोडक्या बंगालीत एकेक वाक्य सांगितले. नवऱ्याचे नाव कुठे आहे ते त्यांनी विचारले, मी बोट ठेवून दाखवले. आता नळावर कुणी काही बोलले तर हा कागद दाखवा, असे म्हणालो. मला वाटले होते त्या रडतील, पाया पडतील. मी त्याला तयार होतो.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, “नाम तो फिरे पेलाम, दादाबाबू. मानुषटार की होलो?”

नाव तर परत मिळाले. माणसाचे काय झाले?

मी आयुष्यात कुठल्याही वाटाघाटीतून शेवटचा शब्द दुसऱ्याला देऊन उठलेलो नाही. त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातून मी तसाच मागे फिरलो. त्या कणीक मळायला लागल्या.

या केसने मला काय शिकवले, असे कुणी विचारले तर मी सांगतो की लहान गुन्हा हाताला लागला की पोलीस तिथेच थांबतो, थांबू नये. परत येणारी गाडी बघावी. तरुण अधिकाऱ्यांना भाषणात एवढे पुरते. पण खरे शिकलो ते साहेबांच्या केबिनमध्ये. मी दोन गोष्टी मागितल्या आणि एक मिळवली. माझ्या जागी दुसरा असता तर एकही मिळाली नसती, हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन. तरी ज्या दोन्ही त्या बाईच्या हक्काच्याच होत्या, त्यांच्यासाठी मला भाव करायला बसवले, याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. जाऊही नये.

बाई अजून आमच्याकडे येतात. घरी त्या लाकडे आणि गुल, म्हणजे कोळशाच्या भुकटीचे गोळे, जाळतात. रेशन कार्डावर त्यांचे रॉकेल दर महिन्याला येते आणि त्या उचलत नाहीत. दुकानदार विचारतो, कार्डावरून काढून टाकू का? त्या नको म्हणतात. हक्काचे आहे, तर ते नावावर राहू दे.